तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्याकडे अजून एक्सपी का आहे

भाचा विचारतो, प्रकाशक विचारतात. परवा पार्सल द्यायला आलेल्या पोरानेही स्क्रीनकडे बघून विचारलं, "मॅडम, ही ती हिरव्या टेकडीवाली विंडोज ना? अजून चालते?" चालते. विंडोज ११ मध्ये एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत ती जुनी विंडोज, म्हणजे एक्सपी, चालते. रोज तीन-चार तास मी तिच्यातच असते. भाचा तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतो, मी डबा म्हणते.

या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा येतोच. "एकदाचं सगळं युनिकोडमध्ये का करून टाकत नाही?" युनिकोड म्हणजे आज मोबाईलवर, इंटरनेटवर जी मराठी चालते ती, प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेली. 'करून टाकणं' हा शब्दप्रयोग ज्याला ते काम करायचं नसतं त्याचा असतो, हे मी पंचवीस वर्षांत शिकले आहे.

मी मिरजेत डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करते, १९९८ पासून. पुस्तकं, स्मरणिका, दोन दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. यातलं बहुतेक सगळं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये. त्याची शेवटची, सात नंबरची आवृत्ती आली २००१ मध्ये. त्याला युनिकोड तेव्हा कळत नव्हतं आणि आता कोणी शिकवणारही नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाईल उघडायची सोय होती, पण तीही २०१२ च्या सीएस६ पर्यंतच. आणि उघडली तरी उपयोग काय? कुलूप निघतं, आत भलताच संसार दिसतो.

कारण आमचे तेव्हाचे मराठी फॉन्ट खरं तर मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. अर्धा प एका जागी, काना दुसऱ्या जागी, दोन्ही दाबले की पूर्ण प. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. कॉम्प्युटरला 'सूर्य' कधी कळलाच नाही, त्याने फक्त चार-पाच चित्रं शेजारी शेजारी ठेवली. प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या जागी ठेवले, म्हणून एकीची फाईल दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडली की नुसता कचरा. आणि हे फॉन्ट चालायला कॉम्प्युटरच्या मागे लॉक, म्हणजे कंपनीने दिलेली चावीसारखी एक डबी, लावावं लागतं. माझं लॉक यूएसबीचं, म्हणून मी वाचले. ज्यांचं प्रिंटरच्या पोर्टला लागणारं होतं, त्यांच्या फाईली कपाटातल्या सीड्यांवर आहेत आणि तिथेच राहतील.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर असतात, मला माहीत आहेत, मी वापरते. बातमीसारखा सरळ मजकूर असेल तर शंभरात पंचाण्णव शब्द नीट येतात. उरलेले पाच कुठले ते मात्र कन्व्हर्टर सांगत नाही. रफार एक अक्षर पुढे सरकतो, 'ऱ्या'चा 'र्‍' गळतो, तक्त्यातले आकडे भलतेच होतात. तीनशे पानांच्या पुस्तकात ते पाच टक्के शोधायचे म्हणजे पहिल्या पानापासून प्रूफ वाचायचं. त्याचे पैसे कोण देणार, असं मी प्रकाशकांना विचारते, आणि मग ते हवामानावर बोलायला लागतात.

जुना पेंटियम २०१८ पर्यंत टिकला. मग बोर्डावरचे कपॅसिटर फुगले. दुरुस्तीवाल्याने ते दाखवून नुसते हात वर केले. भाच्याने नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे ती चौकट चालवणारा प्रोग्रॅम, टाकून त्यात एक्सपी बसवली. एक जीबी रॅम, वीस जीबीची डिस्क, लॉकसाठी यूएसबीची वाट, आणि इंटरनेट बंद. ते बंद ठेवण्याबद्दल तो ठाम होता. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून तिच्यासाठी एक पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला, पण असे अपवाद दरवेळी होत नाहीत. लायसन्सचं म्हणाल तर ते जुन्या कॅबिनेटवर चिकटवलेलं होतं आणि कॅबिनेट भंगारात गेलं. ते विचारू नका.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगते. तुम्ही 'का' विचारता तेव्हा मला हेच आठवतं, आणि मी फॉन्टवर बोलत राहते.

२००३ मध्ये एका गुरुजींनी आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या छापल्या होत्या. सव्वाशे पानांचं पुस्तक, कंपोजिंग माझं. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी आल्या. गुरुजी जाऊन दोन वर्षं झाली होती. दुसरी आवृत्ती काढायची म्हणाल्या. "पण त्यांनी सगळं शुद्ध करून टाकलंय गं. सासूबाई अशा नव्हत्या म्हणत." गुरुजींनी 'वाटंवरी'चं 'वाटेवरी' केलं होतं, 'मंदी'चं 'मध्ये'. काकूंना ते परत हवं होतं. नवरा असेपर्यंत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नसावं, असं मला तेव्हा वाटलं.

कन्व्हर्टरचा प्रश्नच नव्हता. फाईल डब्यातच उघडली. काकू दुपारी तीनला यायच्या, शेजारच्या खुर्चीत बसायच्या, मी ओवी वाचायची, त्या गुणगुणून बघायच्या आणि सांगायच्या. गुणगुणताना हात गोल फिरायचा. कागदावर काही नाही, सगळं थेट फाईलमध्ये. पुस्तकात नव्हत्या अशा काही ओव्याही त्यांना मधेच आठवायच्या, त्या मी टाईप करून घ्यायची. तीन आठवडे हे चाललं. फाईल डब्यातल्या सी ड्राइव्हवर होती, कारण बाहेरच्या शेअर्ड फोल्डरमधून उघडली की माझा पेजमेकर अधूनमधून अडतो. कॉपी बाहेर काढून ठेवायची असते हे मला माहीत होतं. रोज माहीत होतं.

एका संध्याकाळी एक ग्राहक पेनड्राइव्ह घेऊन आला. घाईत होता. मी पेनड्राइव्ह थेट डब्याला जोडला. बाहेरच्या विंडोजला (तेव्हा १० होती) आधी लावला असता तर तिथल्या अँटीव्हायरसने बहुतेक धरला असता. रात्री अकराला पाहते तर डब्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, एकही उघडेना. भाच्याने शिकवलं होतं, काही बिघडलं तर मागच्या स्नॅपशॉटवर जायचं, मशीन त्या दिवशी होतं तसं होतं. मी डबा बंद केला, स्नॅपशॉट निवडला. व्हर्च्युअलबॉक्सने विचारलं, आत्ताच्या स्थितीचा आधी एक स्नॅपशॉट घेऊ का, नाहीतर ती कायमची जाईल. समोरच्या चौकोनात बरोबरची खूण होती. मी ती काढली. डिस्क भरत आली म्हणून भाचा गेल्याच आठवड्यात ओरडला होता, आणि व्हायरस लागलेली स्थिती ठेवून करायचंय काय, असं वाटलं.

डबा सुरू झाला. टेकडी हिरवीगार. फोल्डर जागच्या जागी. मी पाणी प्यायले, मग काकूंची फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर 'वाटेवरी' दिसलं.

तो स्नॅपशॉट काकू पहिल्यांदा आल्या त्याच्या आदल्या दिवशीचा होता.

भाचा दुसऱ्या दिवशी आला. जुना तुकडा डिस्कवरून काढता येईल का म्हणून दिवसभर बसला. डिस्क एसएसडी होती, पुसलेल्या जागा ती स्वतःच साफ करून टाकते. काही मिळालं नाही. निघताना, मला बरं वाटावं म्हणून की काय कोण जाणे, त्याने सांगितलं की तो व्हायरस फाईली पुसत नाही, फक्त लपवतो. एक ओळीची कमांड दिली असती तर सगळं परत दिसलं असतं. मी त्याला चहासाठी थांब म्हटलं नाही.

काकूंना मी सांगितलं, मशीन बिघडलं. त्या म्हणाल्या, "बरं, मशीनच ते," आणि पुन्हा तीनला यायला लागल्या. या वेळी मी रोज कॉपी काढली, प्रिंटही काढलं. पण या वेळच्या ओव्या तशा नव्हत्या. जिथे आधी त्यांनी ठामपणे बदल सांगितला होता, तिथे आता म्हणायच्या, "राहू दे, यांनी लिहिलंय ते." कुठे 'वाटंवरी'चं 'वाटंमंदी' झालं. मी विचारलं, आधी वेगळं सांगितलं होतंत ना? "असेल. तेव्हा तसं आलं असेल." गाणाऱ्या बाईची ओवी दरवेळी थोडी बदलतेच, हे मी तेव्हापासून स्वतःला समजावते आहे. दमल्या होत्या हेही खरं असू शकतं. पुस्तक निघालं, तीनशे प्रती.

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर सांगतोय, टाका तो डबा. २००९ च्या सुमारास एका संपादकांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी ताठ्याने म्हणाले होते, "ग्राहक युनिकोड मागत नाही." तेव्हा वर्षाला दहा पुस्तकं जरी उतरवून घेतली असती तर आज बरंचसं संपलं असतं. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, दोन शब्द सुनवायचे आहेत. पण तिची बाजूही मला पाठ आहे. तिला त्या कीबोर्डवर न बघता पान लावता यायचं, आणि हातात आलेलं सोडायचं म्हणजे पुन्हा शिकाऊ व्हायचं. शिवाय नवी फाईल युनिकोडमध्ये असती तरी मी कॉपी काढली असती का? फाईल मी घालवली, एक्सपीने नाही. आणि डबा नसता तर काकूंची फाईल २०२२ मध्ये उघडलीच नसती. घालवायला तरी ती होती.

हे मी दोन्ही बाजूंनी बोलते आहे, कळतंय मला. नवी पुस्तकं आता युनिकोडमध्येच करते. जुनी डब्यात आहेत, आणि दर दोन महिन्यांनी कोणीतरी २००४ ची सीडी घेऊन येतं.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. पुस्तक चाळत होत्या. "माहेरच्या पाण्याची एक ओवी होती बघ, मी तुला पहिल्या वेळी सांगितली होती. यात नाही दिसत. आता शब्द आठवेनात." मी म्हटलं, हो काकू, सांगितली होतीत. मग त्यांनी विचारलं, त्या बिघडलेल्या मशीनमधून काही निघत नाही का गं?

मी म्हटलं, बघते.