व्हॉल्व्हला हात लावू नका

घरगुती फिशटँकची देखभाल हा माझा धंदा. लोकांना वाटतं हा मासे सांभाळतो. निम्मा वेळ खरं तर पाइपांत जातो. मोठ्या टँकचं पाणी कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लोच्या कप्प्यात पडतं, तिथल्या उभ्या पाइपातून खाली कपाटातल्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत उतरतं आणि गाळून झालं की पंप ते परत वर चढवतो. उतरणारे पाइप अनेकदा दोन असतात. मुख्य पाइप गच्च भरून, आवाज न करता वाहतो. त्याचं पाणी खालच्या अर्धवट मिटलेल्या बॉल व्हॉल्व्हने, म्हणजे आरपार भोक असलेल्या फिरत्या गोळ्याच्या व्हॉल्व्हने, बांधलेलं असतं. दुसरा आणीबाणीचा, एरवी जवळपास कोरडा. तो गुरगुरायला लागला की समजायचं, मुख्य पाइप तुंबलाय.

त्या दिवशी फोन आला तो याच गुरगुरीचा. "दादा, व्हॉल्व्ह जरा पुढंमागं करून बघू का?" ताईंनी विचारलं. एरवी हा सल्ला मीच देतो. गोगलगाय नाहीतर पान अडकलेलं असतं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की निघून जातं. हो म्हणणारच होतो, पण आधी सवयीने विचारलं, पाइपावरची जाळी साफ आहे ना?

"ती काढून ठेवलीय. सारखी पानं अडकायची तिच्यात."

अहो, पानं तिच्यात अडकावीत म्हणूनच ती असते! व्हॉल्व्हला हात लावू नका, पंप बंद करा आणि मगाने टँकचंच पाणी त्या पाइपात थोडं थोडं सोडत राहा, नळाचं नको, असं सांगून मी निघालो. जाळी नाही म्हटल्यावर आत काहीही असू शकतं. घाईत लोक हमखास आधी उलट्या बाजूला फिरवतात, आणि बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्याची कड जिवंत मांसावर दया दाखवत नाही.

तपासणीचा वायरवाला कॅमेरा पाइपात सोडला. व्हॉल्व्हच्या वर काळी, ठिपक्याठिपक्यांची शेपटी. ब्रिसलनोज प्लेको, शेवाळ खाणारा मासा, मुंडी खाली. ताई म्हणाल्या, "आमच्याकडे प्लेको नाही. होता एक छोटासा, तो कधीच मेला." मेलेला कुणी पाहिला होता का? नाही. दिसेनासा झाला म्हणजे मेला.

टँक आणि ओव्हरफ्लोचा कप्पा यांच्यामध्ये कंगव्यासारखी पट्टी असते, तिच्या फटी जेमतेम ६ मिलिमीटरच्या. या माशाची नुसती मुंडी २ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे बोटाच्या पेराएवढा असताना तो फटीतून पलीकडे गेला, आणि कप्प्यातलं शेवाळ, वाहून आलेला खाऊ यावर अंधारातच मोठा झाला. बाहेर यायची वाट त्याच्या वाढीनेच बंद केली. जाळी होती तोवर तिथे सुरक्षित होता, ती निघाली आणि पाइपाने ओढून घेतला.

आता प्लेकोची गंमत. गंमत कसली, डोकेदुखी. याच्या छातीच्या परांचे पुढचे काटे घाबरल्यावर ताठ होतात आणि तसेच कुलूपबंद राहतात. अंगावर मागे वळलेले बारीक काटे असतात ते वेगळेच. त्यामुळे याला शेपटीकडून ओढणं म्हणजे छत्री उघडून बोळात मागे ओढणं. घरातले एक काका चिमटा घेऊन तयारच होते. त्यांना चहा करायला पाठवलं.

मासा काढायचा तो मुंडीच्या दिशेनेच, म्हणजे खालून. आणि खाली एकही युनियन नाही! टँक बसवणाऱ्याने बल्कहेडपासून, म्हणजे टँकच्या भोकातल्या जोडापासून, संपपर्यंत सगळं सोल्युशनने चिकटवून टाकलेलं. युनियन असतं तर हाताने फिरवून तुकडा वेगळा झाला असता. बसवणारे देखणं काम करतात आणि ते पुन्हा कधी उघडावं लागेल हे त्यांच्या गावीही नसतं. शेवटी व्हॉल्व्हच्या बऱ्याच खाली हॅक्सॉने पाइप कापला, हळूहळू, कारण हादरे वर जातात. मुंडी गोळ्याच्या भोकात नव्हती, वरच टेकली होती. कॅमेऱ्यावर नजर ठेवून व्हॉल्व्ह केसाकेसाने उघडला. वाट मोकळी झाली, पण मासा हलेना. काटे लागलेले.

मग खोलीतले दिवे घालवले, सगळ्यांना बाहेर काढलं, खाली पाण्याची बादली धरली आणि वरून पाण्याची बारीक धार चालू ठेवली. घाबरलेला प्लेको कुलूप उघडत नाही. अंधार, ओल आणि शांतता मिळाली तर उघडतो. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर हा मासा हवा गिळून पोटातून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे वाट बघायला सवड होती. दाराबाहेरच्यांना ती नव्हती. "झालं का?" "अजून नाही का?" दुसरीकडे माझा जीव संपमध्ये. पंप बंद म्हणजे फिल्टरमधले जिवाणू गुदमरणार, आणि ते मेले तर अमोनिया वाढून वरचे सगळेच मासे जाणार. तिथे हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडून ठेवला होता, पण त्याचं कौतुक कुणाला?

बादलीत धप्प आवाज झाला. एक पर फाटलेला, कुशीवर खरचटलेलं, पण नाकावर चांगल्या मिशा. नर होता. औषध ओतायची घाई करू दिली नाही, स्वच्छ पाणी पुरे. जोडणी करताना दोन युनियन घातले, सोल्युशन पूर्ण वाळू दिलं, धुऊन घेतलं, मगच पंप सुरू केला. जाळी बसवली, साफ करायचा वार ठरवून दिला.

वाद आता वेगळाच आहे. ताईंना तो समोरच्या टँकमध्ये, उजेडात, दिसेल असा हवा. तिथला सिक्लिड मासा त्याला कोपऱ्यात दाबून धरतो, दिवसभर तो लाकडामागून बाहेर येत नाही. मी म्हटलं, संपमध्ये पंपाच्या तोंडाला जाळी लावून एक कप्पा देतो, अंधार आहे, खाऊ घालता येईल. "मग वाचवला कशाला, दिसणारच नसेल तर?" त्यांनी विचारलं. फोनवर मी जाळीचं विचारलंच नसतं तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही; त्यांना ते सांगून झालं, पटलंही. कप्प्याचं मात्र अजून पटलेलं नाही. पुढच्या फेरीला पुन्हा सांगून बघणार आहे.