सातवा आठवडा : कॅन, वाळू आणि डावा घोटा

घोटा आणि तोल भक्कम करायच्या सरावाचा हा सातवा आठवडा. डोळे मिटून एका पायावर उभं राहणं: उजवा २६ सेकंद, डावा १९. पहिल्या आठवड्यात डावा सातलाच कोलमडायचा. गेल्या पावसाळ्यात पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) शेवाळावरून घसरलो, तेव्हा मुरगळलेला घोटा हाच.

मुख्य व्यायाम तोच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर एका हातात वजन घेऊन चालायचं. जिमवाले याला सूटकेस कॅरी म्हणतात. माझी सूटकेस म्हणजे वीस लिटरचा कॅन, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. भरायचा तिथल्याच पाण्याने. (खारं पाणी, म्हणून साडेवीस किलो धरा.) वजन उजव्या हातात असलं की धड कलू नये म्हणून डावी कूस राबते, आणि डाव्या पायावर भार आला की कंबर उजवीकडे पडू नये म्हणून डावा कुल्ला. दोन्ही हातांत कॅन घेतले की ही गंमतच जाते.

या आठवड्याचा शोध: काठोकाठ भरलेल्या कॅनपेक्षा त्याच कॅनमध्ये बाराच लिटर पाणी असलं की तो जास्त छळतो. आपण पाऊल टाकून मोकळे होतो आणि पाणी मागाहून येऊन धडकतं. पूर्ण कॅन घेऊन ६० मीटर सरळ गेलो, बारा लिटरला चाळिसातच थांबलो.

आता चूक. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे लहानपणापासून पाठ. अष्टमीची पाऊणपट सहा. तरी सकाळी सहालाच गेलो! घट्ट ओली वाळू पाण्याखाली, उरली ती भुसभुशीत. तीत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. वजन निम्मं करायला हवं होतं. तिसऱ्या फेरीत डावा घोटा आत वळला. कॅन सोडून दिला म्हणून बचावलो.

तेव्हापासून वेळापत्रक तिथीवर. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी, तेव्हा जड वजन. अष्टमीला कोरड्या वाळूत अनवाणी, रिकाम्या हातांनी. किनाऱ्याला उतार असतो, म्हणून गेलो त्याच ओळीने परत यायचं, नाहीतर समुद्राकडचा एकच पाय कायम खाली.

आई म्हणाली, "एवढं पाणी वाहतोसच, तर पोफळींना तरी घाल." शेवटची फेरी आता घरच्या विहिरीपासून वाडीपर्यंत असते. बारा लिटरचं महत्त्व तिला समजावून पाहिलं, पण तिला कॅन काठोकाठ भरलेलाच लागतो.