तुम्ही विचारलंत म्हणून : खोटा पासपोर्ट ओळखता कसा?

दाबोळीच्या इमिग्रेशन काउंटरवर नोकरी केली म्हटलं, की चवथीला जमलेल्या पाहुण्यांपासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत सगळे हेच विचारतात : खोटा पासपोर्ट कळतो कसा? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कागद आधी बोलतो. पासपोर्टचा कागद अतिनील दिव्याखाली मंद राहतो आणि त्यातले रंगीत धागे चमकतात. साधा पांढरा कागद मात्र निळसर उजळतो. भिंगाखाली अस्सल छपाईच्या रेषा सलग दिसतात, घरच्या प्रिंटरच्या रेषा ठिपक्यांत फुटतात.

माझी आवडती जागा म्हणजे फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळी. प्रत्येकीत ४४ जागा. जन्मतारखेपुढे एक तपासणी-अंक असतो. तारखेच्या अंकांना क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक घ्यायचा. गोवा मुक्तीच्या दिवशी, १९ डिसेंबर १९६१ ला जन्मलेल्याची तारीख तिथे ६११२१९ अशी येते. ४२, ३, १, १४, ३, ९ मिळून ७२, म्हणजे अंक २. कुणी १९ चे १८ केले, तर बेरीज ७१ होते आणि तिथला २ खोटा ठरतो. पासपोर्ट क्रमांकाला आणि मुदतीच्या तारखेलाही असाच अंक असतो, शिवाय ओळीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक. आळशी भामटा इथे सापडतो. हुशार भामटा हे गणित करूनच येतो.

आणि हुशार भामटा हल्ली कागदाला हातच लावत नाही. चिप असलेल्या पासपोर्टात देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते, ती बनवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून तो आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचा खराखुरा पासपोर्ट मिळवतो, किंवा बनावट जन्मदाखल्याच्या जोरावर अस्सल पासपोर्ट काढतो. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करण्याची वाट गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. तिथे सादर केलेला दाखलाच बनावट असेल, तर पुढे हाती येणाऱ्या पासपोर्टावर दिवा आणि भिंग काय करणार?

चार्ल्स शोभराज पर्यटकांना गुंगीचं औषध देऊन त्यांचे पासपोर्ट लुबाडायचा आणि त्यांच्याच नावाने देशोदेशी फिरायचा. एप्रिल १९८६ मध्ये आपल्या पर्वरीतल्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी त्याला धरलं. १९७१ मध्येही त्यांनीच त्याला पकडलं होतं, त्यामुळे चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. काउंटरवर ती सोय नसते. समोरचा माणूस पहिल्यांदाच दिसतो, मागे रांग वाढत असते. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फोटो दुसऱ्याच माणसाचा असतानाही सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी तो समोरच्याचाच मानला. रोज हेच काम करणारी माणसं होती ती! मी केस, दाढी, वजन सोडून कानांची ठेवण बघायचे, आणि घाबरलेल्या माणसाला लगेच चोर समजायचे नाही. पहिल्यांदा आखातात निघालेल्या पोराचे हात थरथरतातच.

म्हणून एक कळकळीने सांगते. इंटरपोलने २००२ मध्ये हरवलेल्या आणि चोरलेल्या पासपोर्टांची यादी सुरू केली. दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन आलेल्याला पकडायचं तिच्याइतकं खात्रीचं साधन माझ्या पाहण्यात नाही, पण तक्रारच झाली नाही तर तो क्रमांक यादीत चढणार कसा? भाड्याच्या स्कूटरसाठी परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट तारण ठेवून घेऊ नका. एकदा पाहा आणि परत द्या. तुमचा हरवला तर ‘सापडेल दोन दिवसांत’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार करा आणि पासपोर्ट कार्यालयाला कळवा. परदेशात असाल तर आपल्या दूतावासाला. तक्रारीनंतर तो कपाटात सापडला, तरी त्यावर प्रवासाला निघू नका. तो रद्द झालेला असतो, आणि काउंटरवर तुम्हालाच बाजूला घेतलं जाईल.