पट्टीखालचा तडा

आमच्या विभागात जे येतं ते मोडूनच येतं. टर्बाइनची पाती, बेअरिंगं, बोल्ट, हायड्रॉलिकच्या नळ्या, कधी गिअरबॉक्समधलं एखादं दात उडालेलं चाक. बंगळुरूतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत बसून ते का मोडलं हे शोधायचं, हे माझं काम. शेजारच्या इमारतींत विंड टनेल आहे, मोठाली मॉडेलं आहेत; पाहुणे आले की त्यांना तिकडे नेतात. आमच्याकडे सहसा कुणाला आणत नाहीत. ट्रेमधले गंजके तुकडे दाखवून कुणावर छाप पडणार?

हा तुकडा पावसाळ्यात आला, एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेतून. संस्था कुठली, विमान कुठलं, वर्ष कुठलं हे सांगणार नाही. एका इंजिनाचं छोटं विमान, आत एकटा विद्यार्थी, सर्किट चालू. म्हणजे उडायचं, धावपट्टीला वळसा घालायचा, टेकायचं, न थांबता पुन्हा उडायचं. अशाच एका टेकण्यात नाकाखालच्या चाकाचा पाय मोडला. विमान नाकावर घसरत गेलं, प्रोपेलर वाकला. मुलगा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला.

पायाचे दोन्ही तुकडे आले, हेच नशीब. पुष्कळदा एकच येतो आणि दुसरा कुठे आहे विचारलं की फोनवर शांतता. पण दोन्ही तुकडे एकमेकांना नीट जुळवून, वर चिकटपट्टी गुंडाळून पाठवले होते. हे करू नका असं आम्ही सूचनापत्रात लिहितो, ठळक अक्षरात लिहितो, प्रशिक्षणवर्गात ओरडून सांगतो. तुटलेल्या पृष्ठभागावर मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापाच्या खुणा असतात. त्या एकमेकांवर घासल्या की गेल्या, आणि पार्सल दीड-दोन हजार किलोमीटर ट्रकमध्ये हादरत येतं. पण मोडलेली वस्तू हातात आली की माणूस ती जुळवून बघणारच. शिपाई असो की चीफ इंजिनिअर, हात तसेच चालतात.

शिवाय गंज. तुकडे भर पावसात धावपट्टीच्या कडेला पडून होते. मग आमचं नेहमीचं सोपस्कार: अॅसिटेटची पातळ फिल्म अॅसिटोननं मऊ करून पृष्ठभागावर दाबायची, वाळली की सोलायची, तिच्याबरोबर घाण निघते. घाई करून ब्रश मारला की संपलं. सोललेल्या पहिल्या फिल्माही फेकायच्या नाहीत, त्यांवर नंबर टाकून ठेवायच्या, कारण कधीकधी खरी गोष्ट त्या घाणीतच असते. पुढे तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पेटीत मावत नाही म्हणून कापावा लागतो, आणि तो पुरावा असल्यामुळे कापायची लेखी परवानगी लागते. ती परवानगी यायला जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी कमी वेळात कापून, धुऊन, पेटीत घालून झालं होतं.

निम्मी गोष्ट नुसत्या डोळ्यांनीच कळली होती. भरती ओसरताना वाळूवर एकात एक वळ्या राहतात, तशा कमानी नळीच्या पुढच्या बाजूला होत्या. त्या पसरत पसरत दोन्ही अंगांना गेलेल्या, आणि त्यापुढे करडा, खरबरीत, एका झटक्यात फाटलेला भाग. म्हणजे फटीग. धातू थकत थकत गेला आणि उरलेल्या भागाला शेवटचा भार पेलला नाही. कमानी जिथून सुरू होत होत्या तिथे एका वेल्डिंगची कड होती, आणि कडेला केसाएवढी खाच. चाक जमिनीला टेकतं तेव्हा ते मागे ओढलं जातं आणि पायाच्या पुढच्या बाजूवर ताण येतो. तडा तिथेच सुरू व्हावा यात नवल नाही. पोलादाची रासायनिक तपासणी ठीक, कडकपणा ठीक. इथवर रिपोर्ट सरळ होता.

मग तपास अधिकाऱ्यांचा फोन आला. सज्जन माणूस, हवाईदलातून आलेले, मोजकं बोलणारे. त्यांना एकच विचारायचं होतं. शेवटच्या १०० तासांच्या तपासणीत हा तडा दिसायला हवा होता की नाही? ती तपासणी मोडण्याच्या ८० उड्डाणतास आधी झाली होती आणि कागदावर एका एएमईची, म्हणजे परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअरची, सही होती. त्या इंजिनिअरना कामावरून बाजूला काढलं होतं. आमचा रिपोर्ट जायच्या आधीच.

आता शीर्षकातली ती पट्टी. चाकावरचं फेअरिंग, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणारं आवरण, धरून ठेवायला पायाच्या पुढच्या बाजूवर पत्र्याची एक अर्धगोल पट्टी बसवलेली असते. तडा नेमका तिच्याखाली जन्मला आणि आयुष्याचा बहुतेक काळ तिच्याखालीच वाढला. १०० तासांच्या तपासणीत ती पट्टी काढा असं मॅन्युअलमध्ये कुठेही नाही. पाय बघा, तडा, वाक, गंज आहे का पाहा, एवढंच. तडा एका बाजूनं पट्टीबाहेर आला होता तो सुमारे २ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूनं त्याहून कमी. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याला सापडू शकला असता असा भाग फार तर २ मिलिमीटरचा, तोही पावडर कोटिंगच्या जाड थराखाली. प्रश्न इतकाच होता की ते २ मिलिमीटर केव्हा बाहेर आले.

हे धातू सांगू शकतो. थकव्यानं वाढणारा तडा प्रत्येक मोठ्या भाराला एक पाऊल पुढे जातो आणि मागे एक बारीक रेषा ठेवतो, स्ट्रायेशन. हजारो पट मोठं केल्यावर या रेषा एकीशेजारी एक दिसतात आणि मोजता येतात. या रेषांवर सुरुवातीचं पायाभूत काम झालं ते इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, फोर्साइथ यांच्या हातून. तीही सरकारी प्रयोगशाळाच. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं तीन महिन्यांच्या आत भूमध्य समुद्रावर फुटली, तेव्हा आर्नल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली फार्नबरोच्या लोकांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत घातलं, आत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला आणि सुमारे ३००० दाबफेऱ्यांनंतर त्याचं अंग फाटलं. समुद्रावर फुटलेल्या दोघांपैकी एकानं १२९० उड्डाणं केली होती, दुसऱ्यानं ९००. त्या तपासात हिशेब होता तो उड्डाणांचा. दर उड्डाणाला दाब एकदा चढतो, एकदा उतरतो. विमान किती तास हवेत होतं याला थकव्याच्या हिशेबात फारशी किंमत नाही.

आपल्याकडच्या प्रशिक्षण विमानांना मात्र सगळं तासांत. लॉगबुकात तास, तपासण्या तासांवर. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास लागतात, तेव्हा विद्यार्थीही तासच मोजतो. पण नाकाखालचा पाय तास मोजत नाही, तो टेकणी मोजतो. लांबच्या क्रॉस-कंट्रीत दोन तासांत एकदा टेकायचं, आणि सर्किटच्या दिवशी एका तासात सात-आठ वेळा. दोन्हीची लॉगबुकातली किंमत सारखी! मी या विमानाची टेकणी मागितली तेव्हा संस्थेकडून तासांचाच तक्ता आला. पुन्हा मागितली, पुन्हा तोच तक्ता, या वेळी शिक्क्यासह. शेवटी तिथल्या कुणा मुलीनं, विद्यार्थिनी होती की क्लार्क कोण जाणे, उड्डाणांच्या नोंदवह्या काढून ओळ न् ओळ मोजली आणि हातानं लिहिलेला कागद स्कॅन करून पाठवला. त्या सबंध फाइलीत मला सगळ्यात आवडलेला कागद तो. सरासरी निघाली तासाला चार.

मग मोजणी. पट्टीबाहेरच्या २ मिलिमीटरवर घासलेले भाग सोडून, उरलेल्यांत जागोजागी अंतर मोजून, सरासरी सुमारे ४ मायक्रॉन. म्हणजे अंदाजे ५०० रेषा. हे काम आमच्याकडे कुणाला आवडत नाही. अंधाऱ्या खोलीत तासन् तास करडा पडदा. दोन रेषा की एक, असा प्रश्न दर इंचाला. मला आवडतं. नव्या मुलांना सॉफ्टवेअरनं मोजायचं असतं. मोजू देत, पण घासलेली जागा आणि खरी रेषा यांतला फरक त्याला कळत नाही आणि आकडा मात्र तो दशांशापर्यंत देतो.

८० तास, तासाला चार, म्हणजे तपासणीनंतरची ३२० टेकणी. एका टेकण्याला एक रेषा धरली तर तडा ५०० टेकण्यांपूर्वी पट्टीबाहेर आला, म्हणजे तपासणीच्या आधी. त्या दिवशी तो फार तर पाऊण मिलिमीटर बाहेर असणार. पण टेकण्याला एकच रेषा का धरायची? विद्यार्थी विमान उतरवतो तेव्हा ते एकदाच उतरतं असं थोडंच आहे. मागची चाकं टेकतात, विमान उसळतं, नाक आपटतं, पुन्हा उसळतं. दोन रेषा धरल्या तर २५०च टेकणी झाली आणि तडा बाहेर आला तो तपासणीनंतर. त्या दिवशी पट्टीबाहेर काहीच नव्हतं. दोन्ही उत्तरं त्याच रेषांतून निघतात. आणि पहिलं खरं मानलं तरी, पावडर कोटिंगखालचा पाऊण मिलिमीटर टॉर्च आणि भिंग घेऊन कुणाला दिसेल? मला दिसला नसता, आणि माझा चरितार्थ तडे बघण्यावर चालतो.

याच सुमारास एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, नमस्कार. तुम्ही मराठी आहात असं कळलं म्हणून धीर केला." तेच एएमई होते. नंबर कुठून मिळाला ते मी विचारलं नाही. आवाज शांत होता. म्हणाले, "मला रिपोर्टमध्ये काय आहे ते नका सांगू. फक्त एवढं सांगा, मी बघितलं असतं तर मला दिसला असता का? कारण मी बघितलं होतं."

मी म्हटलं, "तपास चालू आहे, मला काहीच बोलता येणार नाही. आणि तुमचा फोन आला होता हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा ना," ते म्हणाले. "तुमचंही काम आहे." आणि मलाच सॉरी म्हणून फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी कळवलं. नियमच तसा आहे आणि नियम बरोबर आहे. उद्या प्रत्येक जण फोन करू लागला तर आमच्या रिपोर्टाला अर्थ उरणार नाही. तरी ती ओळ टाइप करताना बरं वाटलं नव्हतं, आणि तिचा पुढे त्यांच्याविरुद्ध उपयोग झाला की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सरांचं म्हणणं होतं की आकडा घालूच नये. फटीग, वेल्डिंगच्या कडेपासून, साहित्यात दोष नाही, संपलं. सर भित्रे नाहीत, पण त्यांनी आमच्या रिपोर्टांचं बाहेर काय होतं ते माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. "तू २५० ते ५०० लिहिशील," ते म्हणाले, "आणि तिकडे कोणीतरी ५००ला पेन्सिलनं गोल करेल." आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारातलं परिशिष्ट १३ सांगतं की तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष वाटण्यासाठी नाही. आपले नियमही तेच सांगतात. पण त्याच कागदपत्रांच्या प्रती खात्याच्या चौकशीच्या टेबलावरही जातात, आणि तिथे सही कुणाची एवढंच विचारतात.

माझं म्हणणं उलट होतं. आकडा घातला नाही तर पट्टीची गोष्टच उरत नाही. मग तडा नुसता "होता" आणि तपासणीत "सुटला". मोजणी लिहिली तरच कळतं की तो किती काळ लपलेला होता आणि किती थोडा वेळ उघडा. शेवटी मर्यादा दोन्ही बाजूंनी देऊन, दोन्ही गृहीतकं लिहून, आणि पट्टी काढल्याशिवाय ही जागा तपासता येत नाही असं वेगळ्या परिच्छेदात लिहून रिपोर्ट गेला. सरांनी सही केली, एक शब्दही न बदलता. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तपास अधिकाऱ्यांचा पुन्हा फोन. "सगळं समजलं. पण एकच आकडा द्यायचा झाला तर?" मी म्हटलं, एकच आकडा देता येत नाही. "बरं," ते म्हणाले, आणि त्या 'बरं'मध्ये त्यांनी काय ठरवलं ते मला ऐकू आलं नाही.

काही महिन्यांनी त्याच संस्थेतून दुसरं पार्सल आलं. या वेळी नीट, दोन्ही टोकं फोममध्ये, पृष्ठभागाला हात न लावता. त्यांनी बाकीच्या विमानांच्या पट्ट्या काढून बघितल्या होत्या. पाय मोडला नव्हता, पण पट्टीखाली त्याच जागी ९ मिलिमीटरचा तडा, टोकं दोन्हीकडे पट्टीच्या आतच. बाहेरून शून्य. सोबतच्या कागदांत त्या विमानाची ताजी १०० तासांची तपासणी, सगळ्या चौकटींत टिकमार्क, खाली वेगळ्याच माणसाची सही. त्या माणसाला कुणी बाजूला काढलेलं नव्हतं, आणि काढायचं कारणही नव्हतं.

या दुसऱ्या रिपोर्टासाठी मी एक फोटो काढून घेतला. पट्टी परत बसवून, हँगरमधला माणूस ज्या उंचीवरून आणि ज्या कोनातून बघतो तिथून, टॉर्चच्या उजेडात. फोटोत काहीही दिसत नाही. स्वच्छ पांढरा पाय आणि एक पट्टी. तो मी पहिल्या पानावर घातला. सर म्हणतात, ज्यात काही दिसत नाही असा फोटो पहिल्या पानावर कशाला, परिशिष्टात टाक. त्यावर अजून आमचं चाललंय.