तुम्ही विचारलंत म्हणून: नटी, नाटककार की कादंबरीकार?

ॲलिस चिल्ड्रेस या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या लेखनाचं माझं मराठी अभिवाचन संपतं, खुर्च्या सरकायला लागतात आणि कुणीतरी पुढे येऊन विचारतं, "ही ॲलिस चिल्ड्रेस नक्की कोण हो? नटी, नाटककार की कादंबरीकार?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "एकच काहीतरी धरून ठेवलं असतं तर जास्त नाव झालं नसतं का तिचं?" मी उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर देते आणि घरी जाताना रिक्षात ते उत्तर मला अपुरं वाटत राहतं. म्हणून आज बसून सांगते.

अकरा वर्षं ती एका नाटकमंडळीत नटी होती. तिनं नाटकं लिहिली, बसवली, वर्तमानपत्रात सदर चालवलं, कुमारवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिल्या, एका कादंबरीची पटकथाही स्वतःच केली. हे सगळं करताना मुलगी वाढवायची होती, म्हणून विम्याची एजंट, दुकानातली विक्रेती, फोटोंना रिटच करणारी आणि दुसऱ्यांच्या घरची मोलकरीण, अशी कामंही तिनं केली. शाळा अर्धवटच सुटली होती. इतकी यादी ऐकली की माणसाला वाटतं, ही कुठे स्थिरावलीच नाही. मला मात्र तिला वाचायला लागल्यापासून उलटंच दिसत आलंय. तिनं आयुष्यभर एकच काम केलं: दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या, कुणी ढुंकून न पाहणाऱ्या माणसांना बोलतं केलं, आणि त्यांच्या तोंडी खोटं वाक्य घालायला नकार दिला. जिथे ते खोटं वाक्य मागितलं गेलं तिथून ती आपली माणसं घेऊन उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली.

याची सुरुवात आजीपासून होते. ॲलिस जन्मली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला, वाढली हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, आजीपाशी. आजीची आई गुलामगिरीत जन्मलेली. आजी स्वतः शाळेत फारशी गेली नव्हती, पण नातीला खिडकीपाशी बसवायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून विचारायची, हा आत्ता मनात काय म्हणत असेल? नातीनं सांगितलं की म्हणायची, लिहून ठेव. चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी बायाबापड्या उभ्या राहून आपापली दुःखं सगळ्यांसमोर सांगायच्या, तिथेही ती ॲलिसला घेऊन जायची. माणूस स्वतःचं दुःख स्वतःच्या शब्दांत सांगतो तेव्हा कुठे थांबतो, कुठे हसतो, कुठे विषय बदलतो, हे त्या पोरीच्या कानात तेव्हाच बसलं असणार. तिची नाटकं मोठ्यानं वाचताना मला ते जाणवतं. वाक्य तोडायचं कुठे, हे शोधावं लागत नाही.

१९४० साली हार्लेममध्ये अमेरिकन निग्रो थिएटर सुरू झालं, १३५व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयाच्या तळघरात. तिथे नटानं फक्त नटाचं काम करायचं, असं चालत नसे. कपडे शिवायचे, सेट उभा करायचा, तिकिटं विकायची, दिवे सांभाळायचे. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेसाठी ज्यांनी रात्र-रात्र तालमी केल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. या मंडळीनं मूळच्या पोलिश कुटुंबावरच्या एका नाटकात कृष्णवर्णीय नट घेतले, ते नाटक १९४४ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं आणि त्याचे नऊशेहून जास्त प्रयोग झाले. ॲलिस त्यात होती. म्हणजे नटी म्हणून तिचं व्यवस्थित चाललं होतं. फक्त काळ्या नटीला मिळणाऱ्या भूमिका त्याच त्या होत्या: मोलकरीण आणि पुन्हा मोलकरीण, तीही गोऱ्या लेखकाच्या डोक्यातली.

तिच्या पहिल्या एकांकिकेची गोष्ट मला फार आवडते. सिडनी पॉइटियेसारख्या नटमित्रांशी तिचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नावर नाटक करायचं तर त्यात झुंडीनं फासावर लटकवण्यासारखं जिवावरचं काहीतरी हवं. हिला ते पटलं नाही. घरी जाऊन तिनं एका रात्रीत 'फ्लॉरेन्स' लिहून काढली. १९४९ मध्ये ती रंगमंचावर आली. दक्षिणेतल्या एका रेल्वे स्टेशनची प्रतीक्षागृहाची खोली, मधे एक कठडा. अलीकडे काळे, पलीकडे गोरे. एक काळी आई न्यूयॉर्कला निघालीय, नटी व्हायला गेलेल्या मुलीला समजावून परत आणायला. कठड्यापलीकडे एक गोरी बाई, स्वतः नटी, फार सहानुभूतीनं बोलते. तुमच्या मुलीसाठी मी शब्द टाकते म्हणते. आईचा चेहरा फुलतो. मग कळतं, शब्द टाकायचाय तो घरकामासाठी. आई गाडीत बसतच नाही. प्रवासाचे पैसे ती मुलीला पाठवून देते आणि कळवते, प्रयत्न सोडू नकोस. कुणी मरत नाही, कुणी ओरडत नाही. नाटक एवढंच, आणि ते वाचून संपल्यावर मी बराच वेळ तशीच बसले होते.

आता 'ट्रबल इन माइंड'. १९५५, न्यूयॉर्कमधलं ग्रीनिच म्यूज नावाचं छोटं थिएटर. दिग्दर्शनात ॲलिसबरोबर क्लॅरिस टेलर होती आणि मुख्य भूमिकाही क्लॅरिसनंच केली. नाटकात एका नाटकाची तालीम चालू आहे. विलेटा ही मुरलेली काळी नटी. सुरुवातीला ती एका नवख्या नटाला टक्केटोणपे खाऊन आलेलं शहाणपण शिकवते: दिग्दर्शक हसला की हसायचं, नाटक आवडलं का विचारलं तर हो म्हणायचं. पण तिच्या वाट्याला आलेली आई स्वतःच्या मुलाला, झुंड त्याच्या मागावर असताना, स्वाधीन हो म्हणून पाठवते. मतदान केलं एवढाच त्याचा गुन्हा. विलेटाच्या घशाखाली हे उतरत नाही. ती पुन्हा पुन्हा विचारते, कुठली आई असं करेल? दिग्दर्शक उदारमतवादी आहे, वंशभेदाविरुद्ध नाटक करतोय याचा त्याला अभिमान आहे, पण या एका प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही.

ज्यांनी तालमीत कधी ना कधी "हे वाक्य ही बाई बोलणार नाही" असं म्हणून बघितलंय, त्यांना विलेटा ओळखीची वाटेल. मीही एकदा म्हणाले होते. मोलकरणीचीच भूमिका होती आणि दर प्रवेशात विनोदासाठी तिनं काहीतरी चोरायचं होतं. मला सांगण्यात आलं, लोक हसतात ना, मग झालं. मी ते नाटक सोडलं. तेव्हा विलेटा मला माहीत नव्हती. माहीत असती तर रडत घरी गेले नसते.

आणि ॲलिसच्या बाबतीत पुढे जे घडलं ते नाटकातल्यासारखंच. निर्मात्यांना शेवट गोड हवा होता. त्या पहिल्या प्रयोगांसाठी ॲलिसनं तो बदलून दिला आणि नंतर तिला त्याची खंत वाटत राहिली. ९१ प्रयोग झाले. नाटक ब्रॉडवेला न्यायचं ठरलं, तेव्हा आणखी बदल मागितले गेले, ती लिहीत गेली, पुन्हा लिहीत गेली, आणि शेवटी तिनं नाही म्हटलं. ते झालं असतं तर ब्रॉडवेवर नाटक आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली असती. तो मान १९५९ मध्ये लॉरेन हॅन्सबेरी या नाटककर्तीला मिळाला. 'ट्रबल इन माइंड' ब्रॉडवेवर आलं २०२१ च्या नोव्हेंबरात, तिच्या शब्दांसह. ॲलिस १९९४ मध्येच गेली होती.

आता मिल्ड्रेडकडे येते, कारण माझ्या अभिवाचनात तुम्ही जिला ऐकता ती हीच.

कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन यांनी हार्लेममधून 'फ्रीडम' नावाचं वर्तमानपत्र काढलं होतं. डाव्या विचारांचं, त्यामुळे सरकारची त्यावर करडी नजर. ॲलिसच्या नावाचीही एफबीआय या सरकारी तपास यंत्रणेत फाइल होती. 'फ्रीडम'मध्ये ती एक सदर लिहायची. मिल्ड्रेड नावाची मोलकरीण दिवसभराचं काम आटपून आपल्या मैत्रिणीला, मार्जला, काय काय झालं ते सांगते. मार्जही मोलकरीणच. ती काय म्हणाली ते छापलेलंच नाही, मिल्ड्रेडच्या बोलण्यावरून ओळखायचं. म्हणजे वर्तमानपत्राच्या रकान्यात चाललेली एकपात्रीच ही. आता सांगा, हे नटीचं काम की लेखिकेचं? मला वेगळं काढता येत नाही. १९५६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. नाव, 'लाइक वन ऑफ द फॅमिली'.

मराठीत भाषांतर करायला बसले तेव्हा या नावापाशी मला क्षणभरही थांबावं लागलं नाही. 'घरच्यासारखी.' माझी आई पुण्यात चार घरी धुणं-भांडी आणि केर-फरशी करायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची. पाहुणे आले की बाई सांगायच्या, "ही आमच्याकडे अगदी घरच्यासारखी आहे हो." आईचा चहाचा कप मोरीच्या कोनाड्यात वेगळा असायचा. खाडा झाला की पैसे कापले जायचे. आई त्या वाक्यावर कधी काही बोलली नाही.

मिल्ड्रेड बोलते. मालकीण पाहुणीसमोर तेच वाक्य म्हणते, पाहुणी गेल्यावर मिल्ड्रेड तिला बसवते आणि एकेक गोष्ट मोजून दाखवते. घरचे दिवाणखान्यालगतच्या खोलीत टेबलावर जेवतात, मी स्वयंपाकघरात. तुमची मुलगी कोचावर आडवी होते, तुमचं कुत्रं तुमच्या गादीवर झोपतं. मी तुमच्या न्हाणीघराची फरशी घासून घामाघूम होते तेव्हा मला पाहुण्यासारखं वाटत नाही, नोकरासारखंच वाटतं. आणि म्हणून, पगारात थोडी वाढ हवी. किती सरळ! आवाज चढत नाही, शिवी नाही. दुसऱ्या एका प्रकरणात ती म्हणते, आम्हा मोलकरणींनाही युनियन हवी. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली काम बंद ठेवलं होतं, त्यातून संघटना उभी राहिली. मिल्ड्रेडचं ते प्रकरण वाचताना मला सारखी त्याची आठवण येत होती.

नंतरच्या कामाबद्दल थोडक्यात सांगते. 'वेडिंग बँड' हे नाटक १९१८ च्या साउथ कॅरोलायनात घडतं. काळी शिवणकाम करणारी जूलिया आणि गोरा बेकरीवाला हर्मन दहा वर्षं एकमेकांचे आहेत, पण कायद्यानं लग्न करता येत नाही. १९६६ मध्ये मिशिगन विद्यापीठात ते झालं, तेव्हा अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत असं लग्न बेकायदाच होतं. सुप्रीम कोर्टानं ते कायदे रद्द केले पुढच्या वर्षी. न्यूयॉर्कला ते १९७२ मध्ये पोचलं. पुढे टीव्हीवर आलं तेव्हा काही स्थानिक केंद्रांनी दाखवायला नकार दिला.

१९७३ मध्ये तिनं कुमारांसाठी कादंबरी लिहिली, हार्लेममधल्या तेरा वर्षांच्या बेंजीची. तो हेरॉइनच्या नादी लागलाय. एकेका प्रकरणात एकेक जण बोलतो: बेंजी, आई, आईचा जोडीदार, शिक्षक, अगदी गर्द विकणारासुद्धा. प्रत्येकजण आपल्यापरीनं खरं बोलतो. पुन्हा बघा, कादंबरी म्हणायची ती, पण बांधणी सगळी नटीच्या कानानं केलेली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळा मंडळानं काही पुस्तकं ग्रंथालयातून काढून टाकली, त्यात हेही होतं. विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्यासाठी मंडळाला ती काढता येणार नाहीत, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं होतं. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकासाठी मुलांनीच भांडावं, याहून मोठा मान मला तरी सुचत नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एकच धरून ठेवलं असतं तर नाव झालं असतं, कदाचित. ब्रॉडवेसाठी मागितलेले बदल लिहून दिले असते तर १९५७ च्या सुमाराला ब्रॉडवेवर नाव झळकलं असतं. पण मग विलेटा दिग्दर्शकाच्या हसण्यावर हसतच राहिली असती.

मिल्ड्रेडचं भाषांतर पुरं झालं तेव्हा मी ते पहिल्यांदा आईला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत ऐकत होती. कुत्रं गादीवर झोपतं तिथे हसली. पगारवाढीच्या वाक्यापाशी तिचा हात थांबला.

"मग? वाढवला का पगार तिचा?"

मी पुढचं वाचलं. मालकिणीला काही सुचेना, तिनं आभार मानले, आणि वाढीचं नवऱ्याशी बोलते म्हणाली.

"साहेबांना विचारते," आई म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. "चारही घरी हेच सांगायच्या. वाच पुढे."