जुन्या स्पीकरचा ट्वीटर बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विचारणारे वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच असतो: 'सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्पीकर आहेत, आवाज दबलेला वाटतो. क्रॉसओव्हरमध्ये भारीतले कॅपेसिटर टाकू का? आणि पेटी उघडलीच आहे तर ट्वीटरही (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) नवा बसवू का?' माझं उत्तर: कॅपेसिटर बहुतेक वेळा हो, ट्वीटर बहुतेक वेळा नाही, आणि दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही. एकदम सगळं बदललं की आवाज कशामुळे बदलला ते कळायला मार्ग उरत नाही.

क्रॉसओव्हर वरचे स्वर ट्वीटरकडे आणि खालचे वूफरकडे, म्हणजे मोठ्या स्पीकरकडे, वाटून देतो. तसं पाहिलं तर मूठभर सुटे भाग. ट्वीटरच्या वाटेत कॅपेसिटर, तो खालचे स्वर अडवतो. वूफरच्या वाटेत तारेची कॉइल, ती वरचे अडवते. ट्वीटर जोरात वाटला तर त्याला आवरायला एखाद-दोन रेझिस्टर. ८ ओहमच्या ट्वीटरला ५ मायक्रोफॅरॅडचा एकच कॅपेसिटर लावला तर गणितानुसार साधारण ४००० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. पण हे गणित कागदावरचं. खरा ट्वीटर सगळ्या स्वरांना ८ ओहम राहत नाही. त्याच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे तो आपसूक कंप पावतो त्या स्वरापाशी, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) वर चढतो, अगदी टोकाच्या स्वरांना पुन्हा चढतो. त्यामुळे ज्याने तो स्पीकर बनवला त्याने त्याच ट्वीटरवर मोजून, ऐकून, त्यातले आकडे ठरवलेले असतात.

१९७० साली आलेल्या जेबीएल एल१०० या स्पीकरमध्ये तर वूफरच्या वाटेत कॉइलच नव्हती. वूफरचा आवाज वरच्या स्वरांना आपसूक उतरतो, त्यावरच भिस्त. अशा पेटीत कुणी 'जास्त चांगला' वूफर बसवला तर तो कुठे उतरेल याचा काही भरवसा नाही.

आता म्हातारपण कशाला येतं ते बघू. कॉइलला जवळजवळ येतच नाही. रेझिस्टर मोजून ठीक निघाला तर हात लावू नका. येतं ते नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटरला. आतला द्रव सुकत जातो, छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेला आकडा जुळेनासे होतात, आणि मुख्य म्हणजे कॅपेसिटरचा स्वतःचा रेझिस्टन्स वाढतो. ८ ओहमच्या ट्वीटरपुढे १ ओहम असा फुकटचा आला की आवाज सुमारे १ डेसिबलने खाली जातो. २ ओहमला जवळजवळ २ डेसिबल. तुम्ही ज्याला 'दबलेला' म्हणता तो पुष्कळदा एवढाच असतो. काही पेट्यांत त्याहून सोपं कारण निघतं. १९६७ च्या एआर-३ए सारख्या स्पीकरला मागे आवाज कमीजास्त करायची बटणं असत, त्यांच्या आत गंज चढतो आणि ट्वीटर मेल्यासारखा गप्प होतो. म्हणून आधी बटणं फिरवून बघा.

कॅपेसिटर मोजताना त्याचा एक पाय बोर्डावरून सोडवून घ्या, नाहीतर आजूबाजूचे भागही मापात येतात. नवा घेताना छापलेला आकडा तोच हवा, दोन्ही पेट्यांचे एकमेकांशी जुळलेले हवेत. नेमका आकडा मिळत नसेल तर दोन कॅपेसिटर समांतर जोडा, त्यांची बेरीज होते. साधे पॉलिप्रॉपिलीन फिल्म कॅपेसिटर (द्रवाऐवजी प्लास्टिकच्या पापुद्र्याचे) पुरतात. फक्त ते आकाराने चांगलेच मोठे असतात, बोर्डावर मावतील का ते आधी बघा. सोन्याचांदीच्या नावाने विकले जातात त्यांच्यासाठी मी खिसा सैल करणार नाही. वर ०.१ मायक्रोफॅरॅडचा चिमुकला कॅपेसिटर चिकटवण्याचीही एक रीत आहे. मला त्याने काही ऐकू आलेलं नाही, ज्यांना येतं त्यांच्याशी वाद घालत नाही.

इथे एक खोच आहे. मूळ इलेक्ट्रोलिटिक नवाकोरा असतानाही त्याला थोडा रेझिस्टन्स होताच, आणि काही डिझायनरांनी तो हिशेबात धरलेला होता. फिल्म कॅपेसिटरला तो जवळपास नसतोच. त्यामुळे आकडा तोच ठेवूनही ट्वीटर किंचित टोचू लागतो, आणि लोक त्यालाच सुधारणा समजून खूश होतात. आठवडाभराने कान दुखू लागले की अर्ध्या ओहमचा रेझिस्टर नव्या कॅपेसिटरच्या मालिकेत टाकून बघा.

लोखंडी गाभ्याची कॉइल काढून हवेच्या गाभ्याची बसवायचा मोहही टाळा. तिचा रेझिस्टन्स वेगळा निघतो आणि खर्जाचा तोल बदलतो. ट्वीटरच्या तारा उलट्या जोडलेल्या दिसल्या तर 'दुरुस्त' करू नका; बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये त्या मुद्दामच तशा असतात, कारण जोडाच्या ठिकाणी, म्हणजे जे स्वर ट्वीटर आणि वूफर दोघेही वाजवतात तिथे, दोन्ही आवाज एकमेकांना खाऊ नयेत. उघडल्याबरोबर फोटो काढून ठेवा.

एका पेटीचं काम झालं की दुसरी तशीच ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी, मोनो आवाज, आलटून पालटून ऐका. मग दोघींच्या जागा बदला आणि पुन्हा ऐका. दोन्ही पेट्या एकदम केल्या की तुलना आठवणीशी होते, आणि कानाची आठवण फार तोकडी.

आता ट्वीटर. मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा ट्वीटर साधारण ६ ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर व्हॉइस कॉइल (ट्वीटरच्या आतली, त्याचा पडदा हलवणारी तार) तुटली. दाखवतोय पण मंद वाजतोय, तर फेरोफ्लुइड बघायला हवं. लोहकणांचं हे तेलकट मिश्रण १९६३ साली नासामध्ये रॉकेटच्या इंधनासाठी शोधलं गेलं आणि पुढे ट्वीटरच्या चुंबकाच्या फटीत कॉइल थंड ठेवायला आलं. वर्षं गेली की ते घट्ट होतं आणि कॉइल जखडते. फट पुसून नवं घातलं की अनेक ट्वीटर पुन्हा बोलतात. ज्यात मुळात नव्हतंच त्यात मात्र घालू नका. आणि यामाहा एनएस-१०००एम सारख्या स्पीकरचा डोम (घुमटासारखा पडदा) फुटलेला असेल तर त्याला हातही लावू नका. तो बेरिलियमचा आहे, त्याची धूळ फुप्फुसांना विषारी.

दुसरा ट्वीटर बसवायचा म्हणजे सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर किती जोरात वाजतो), इम्पिडन्स, रेझोनन्स, आणि आवाज कसा पसरतो, हे सगळं जमायला लागतं. जोर जास्त असेल तर रेझिस्टरने कापता येईल. रेझोनन्स क्रॉसओव्हरच्या निदान एक सप्तक खाली हवा, तो रेझिस्टरने हलत नाही. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरच्या पहिल्या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरचा जोर जुळवण्यासाठी वेगवेगळे टप्पे काढलेला ट्रान्सफॉर्मर होता, कारण केईएफ कंपनीचे टी२७ या एकाच मॉडेलचे ट्वीटरसुद्धा एकमेकांसारखे निघत नसत. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातला वूफर थोडा सुधारला, तर क्रॉसओव्हर पुन्हा नव्याने आखावा लागला. तिथे ही गत, तर आपण अंदाजाने बसवलेल्या ट्वीटरचं काय होणार!

कॉइल तुटलेली आहे आणि मूळ ट्वीटर कुठेच मिळत नाही, तर नाइलाज. मग दोन्ही बाजूंना नवे बसवा, मापनाचा मायक्रोफोन आणा आणि क्रॉसओव्हर नव्या ट्वीटरसाठी परत आखा. पण त्याआधी जुना कशामुळे जळला ते शोधा. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे वाजवला की तो आवाजाची टोकं कापतो, त्यातून वरच्या स्वरांची जास्तीची ऊर्जा तयार होते आणि ती सगळी ट्वीटरवर जाते. तसं असेल तर नवा ट्वीटरही त्याच वाटेने जाईल.