पूलचा तो वास म्हणजे स्वच्छता नव्हे

मी रोज पोहायला जाते आणि कित्येक वर्षं मलाही वाटायचं की पूलजवळ गेल्या गेल्या तो उग्र वास नाकात शिरला म्हणजे क्लोरीन भरपूर टाकलंय, पाणी एकदम स्वच्छ. उलटं आहे हो! तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे लोकांचा घाम, लघवी, अंगावरची क्रीमं यांच्याशी क्लोरीनची रिॲक्शन होऊन जे तयार होतं त्याचा, डोळे चुरचुरतात ते पण त्यानेच. आणि क्लोरीन असं खर्ची पडलं तर जंतू मारायला उरणार किती? म्हणून सांगते, उतरायच्या आधी एक मिनिट तरी शॉवरखाली नीट अंग धुवा.

हॉट टबचं तर अजून अवघड. गरम पाण्यात क्लोरीन भराभर कमी होतं, त्यामुळे पूलला किमान १ पीपीएम (म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग क्लोरीन) लागतं तिथे टबला ३ लागतं. मागे एकदा एका टबमध्ये अर्धा तास बसले आणि दोन दिवसांनी बरोब्बर कॉस्च्यूमखाली लाल, खाजणारे पुरळ, डॉक्टर म्हणाले स्यूडोमोनास. हा जंतू पाइपात, टबच्या भिंतीवर चिकट थर करून राहतो (बायोफिल्म म्हणतात), त्या थराच्या आत क्लोरीन धड पोचतच नाही. आता मी आधी पाण्याच्या रेषेखाली बोट फिरवून बघते, बुळबुळीत लागलं की सरळ परत फिरते.

सौनात त्या मानाने भीती कमी, बाकावर टॉवेल टाकून बसा आणि बाहेरच्या ओल्या फरशीवर चप्पल घाला, पायाची बुरशी तिथूनच येते.

पण मला खरी काळजी जुलाब झालेल्या लहान मुलांची वाटते. ई. कोलाय हा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात मिनिटभरात मरतो, पण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) हा परजीवी त्याच पाण्यात सात दिवसांहून जास्त टिकतो, आणि एक गुळणीभर पाणी पोटात गेलं तरी पुरतं. क्रिप्टो निघाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात नेऊ नका प्लीज, पोर कितीही रडलं तरी.

हल्ली बॅगेत टेस्ट स्ट्रिप ठेवते, पाण्यात बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी लावून बघायची. पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ७ ते ७.८ मध्ये हवा, त्याच्या वर गेला की क्लोरीन असूनही मंद पडतं. परवा क्लोरीनचा चौकोन जवळजवळ पांढराच राहिला, लाइफगार्डला दाखवला, त्याने स्वतः परत तपासलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं.